संध्याकाळी पाचचे मजूर

सकाळी कुठल्याही मोठ्या गावातल्या मजूर अड्ड्यावर पाहावं. थापी, घमेलं, डब्याची पिशवी घेऊन माणसं उभी असतात. मुकादम येतो आणि धडधाकट पोरं आधी नेतो. दहा वाजले तरी जे उभेच असतात ते बहुधा वयस्क, अशक्त, नाहीतर कडेवर मूल असलेली एखादी बाई.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला अशाच चौकात घडतो. धनी पहाटे येतो, दिवसाचा एक दीनार ठरवून मजूर नेतो. मग नऊला, बाराला, तीनला पुन्हा येतो आणि दिवस कलल्यावर, पाचच्या सुमारास, पाचव्यांदा येतो. तेव्हाही काही जण तिथंच असतात. कुणी कामावर घेतलंच नाही, एवढंच त्यांचं उत्तर. उरलेल्या तासाभरात ते मळ्यात काय दिवे लावणार? पण धनी त्यांनाही पाठवतो.

मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण गरिबाचा सगळा जीव तिच्यात अडकलेला असतो. दीनार म्हणजे एका दिवसाचा रोज, घरच्या चुलीचा आधार. तासाच्या हिशेबानं पाचवाल्यांना त्याचा बारावा हिस्सा मिळायचा. पण त्यांच्या पोरांची भूक काही बाराव्या हिश्श्याची नव्हती. धनी पुरा दीनार देतो. उद्या पहाटे कोण कशाला येईल, असं एखादा व्यवहारी माणूस विचारेल. दाखल्यात त्याचं उत्तर नाही.

मला अडवते ती वेगळीच गोष्ट. पहाटेच्या मजुरांना आधी पैसे देऊन वाटेला लावलं असतं तर कुरकुर झालीच नसती. धनी मुद्दाम कारभाऱ्याला सांगतो, शेवटच्यांपासून सुरुवात कर. म्हणजे पाचवाल्यांना पुरा दीनार मिळतो तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ठरलेला दीनार हातात असूनही पहिल्यांचं तोंड कडू होतं आणि धनी विचारतो, मी चांगला आहे हे तुला सलतं का?

याच्या जरा आधी, एकोणिसाव्या अध्यायात, येशू श्रीमंत तरुणाला सांगतो की चांगला असा एकच आहे. त्यानंतर लगेच पेत्राचा प्रश्न येतो: आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? येशू त्याला भरघोस आश्वासन देतो आणि पाठोपाठ हा दाखला सांगतो. पेत्र पहाटेपासूनचा मजूर होता ना!

ऑपरेशन नीट झालं, पोराला नोकरी लागली, की आपण देवाच्या चांगुलपणाची साक्ष देतो. द्यावीच. पण तोच चांगुलपणा शेजारच्या दारी गेला की हिशेबाची वही निघते. नुकत्याच विश्वासात आलेल्या माणसाला पाळकांनी रविवारी प्रार्थना चालवायला सांगितली, की तीन पिढ्यांपासून मंडळीत असलेल्या घरांत कुजबुज सुरू होते. आज कुणाबद्दल आपल्या मनात ‘यालासुद्धा?’ असं येईल, ते सकाळीच ओळखून ठेवलेलं बरं.

पंडिता रमाबाईंचं इथं आठवतं. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. उच्चवर्णीय विधवांना शिकवून आपल्या पायांवर उभं करायचं, अशी त्यांची आखणी होती. मग 1896-97चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीनं हाडं उरलेल्या मुली घेऊन आल्या आणि केडगावला ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. पुढे तिथं अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन झालं. मुलगी मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली आणि त्यांना शिकवू लागली.

आपणच दिवसभराचं ऊन सोसलं, असं म्हणायचा हक्क कुणाला असेल तर तो रमाबाईंना होता. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली होती. तरीही केडगावात दारं वाढतच गेली. तिथलं प्रीती सदन वृद्ध आणि पंगू बायांसाठी होतं, ज्यांच्या हातून तासाभराचंही काम होणार नव्हतं.