आडवी बाटली आणि माझं एक मत

आईचा फोन आला तेव्हा मी पुण्यात मैत्रिणींसोबत बिअर पीत बसले होते. ‘दुकानाचं मतदान लागलं हाय, तू येजो,’ ती म्हणाली. मी ग्लास टेबलाखाली नेला. फोनवरून तिला दिसणार थोडाच होता!

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, सावली तालुक्यात. पलीकडे वैनगंगा आणि नदी ओलांडली की गडचिरोली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे तिकडचे पिणारे पूल ओलांडून आमच्याकडे यायचे. २०१० च्या हिवाळ्यात पारोमिता गोस्वामी आणि श्रमिक एल्गारच्या हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूरही कोरडं झालं. २०२१ मध्ये सरकारने बंदी उठवली. अवैध दारू आणि गुन्हे वाढले, असं कारण दिलं गेलं.

ते कारण खोटं नव्हतं. बंदीत माझ्या बाबांची दारू सुटली नाही, महाग झाली. आधी चौकात मिळायची, ती कुणाच्या तरी गाडीच्या डिक्कीतून मिळू लागली. पूर्वी धानाचे पैसे आल्यावर एक हिस्सा दारूत जायचा, आता दीड जायला लागला. मी तेव्हा कॉलेजात होते आणि तावातावाने सांगायचे, बघ आई, बंदी फसते. त्यात भर म्हणजे स्वातंत्र्यावर नुकतंच काहीबाही वाचलं होतं. प्रौढ माणसाने काय प्यावं हे सरकारने का ठरवायचं, हा माझा आवडता प्रश्न होता.

आईने एकदाच उत्तर दिलं. ‘तुया बापाले प्याचा हक्क हाय म्हन्तेस. मंग मले रातच्याले झोपाचा हक्क नाई का?’

मग तिने हिशोब सांगितला. बंदीच्या काळात महिन्यातल्या आठ-दहा संध्याकाळी बाबांना दारू मिळायचीच नाही. माणूस यायचा नाही, किंवा पोलीस फिरत असायचे. त्या दिवशी ते चिडचिड करून झोपून जायचे. बंदी फसली म्हणणाऱ्या माझ्या वादात या आठ-दहा रात्री कुठेच नव्हत्या. तिच्यासाठी बंदी म्हणजे तेवढ्याच रात्री होत्या.

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’त दारूबंदीला विरोध केला. दुसऱ्याला इजा होत नसेल तर माणसाला अडवू नये, हे त्याचं सूत्र. पण ज्याने नशेत एकदा हिंसा केली आहे, त्याच्यावर वेगळं बंधन घालायला त्याचीही हरकत नव्हती. म्हणजे दुकान चालू ठेवा, मारणाऱ्याला पकडा. कागदावर हे अगदी बरोबर वाटतं. फक्त रात्री अकरा वाजता आमच्या गावात पकडायला येणार कोण? ठाणं लांब आहे आणि सकाळी तक्रार करायला गेलेल्या बाईला ‘घरचं घरात मिटवा’ म्हणून परत पाठवतात. आईला पाठवलं होतं. एकेका नवऱ्यापर्यंत कायदा पोचत नाही, म्हणून बायका दुकानच बंद करायला निघतात. (खर्रा त्याच ओट्यावर घोटला जातो. तोंडाच्या कॅन्सरने माणसं जातात, पण खर्रा बंद करा म्हणून चिमूरहून नागपूरला कुणी चालत गेल्याचं मी ऐकलं नाही. खर्रा खाऊन कुणी बायकोला मारत नाही.)

आता माझी बिअर. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याने दारू प्यायला परवाना लागतो. माझ्याकडे नाही, माझ्या ओळखीत कुणाकडेच नाही. पुण्यात ते कुणी विचारत नाही. जंगलातल्या गावात मात्र मोहाचा सडवा पोलीस लाथेने उपडा करतात. गोंडांच्या घरी देवाला, लग्नात, मरणात मोहाची दारू लागते. शेजारच्या छत्तीसगडात आदिवासींना घरापुरती ती गाळायची मुभा कायद्यानेच आहे. माझ्या नदीपलीकडच्या मैत्रिणीची आजी मात्र कायद्याने गुन्हेगार ठरते. स्वातंत्र्य धोक्यात आलंच असेल तर ते तिचं. माझं आरामात आहे.

म्हणून जिल्हाभर एका सहीने लादलेली बंदी मला आजही पटत नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला नशेच्या पदार्थांवर बंधन घालायचा अधिकार दिला आहे. काय ठेवायचं, काय नाही हे तिथे बसलेली माणसं ठरवू शकतात. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) तर बहुमतानेही निर्णय घेत नाही, सगळे राजी होईपर्यंत बोलत राहतं. आमचं गाव पेसात नाही. आम्हाला मतदान: उभी बाटली म्हणजे दुकान राहो, आडवी म्हणजे जावो.

यात एक मेख आहे. आडवी बाटली जिंकायला मतदारयादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांची मतं लागतात, आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे. म्हणजे पुण्यात बसून मी ‘माझं काही मत नाही’ म्हटलं, तरी माझं मत उभ्या बाटलीच्याच कामी येतं.

मी गेले. आडव्या बाटलीवर शिक्का मारला. बाहेर शेजारचे आजोबा बसले होते. दिवसभर धुऱ्यावर राबून संध्याकाळी एक पव्वा, मग जेवण, मग झोप. चाळीस वर्षांत त्यांनी कुणावर हात उगारल्याचं गावाला आठवत नाही.

‘मंग बाई,’ ते म्हणाले, ‘आता म्या पुढच्या गावाले जाऊ का प्याले?’

त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बसा ना आजोबा, चहा आणते, म्हटलं. ते म्हणाले, चहा झाला.