बेनझीर व्हिला आणि आजीचं खोपटं

राधानगरी धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की शाहू महाराजांच्या बेनझीर व्हिलाच्या पडक्या भिंती उघड्या पडतात. काठावर उभे होतो. मित्र म्हणाला, ‘‘राजाचा बंगला ऱ्हायला काय अन् पडला काय, आपल्याला काय त्याचं?’’

मी गप्प झालो. त्याचं खोटं नव्हतं. माझ्या आजीचं गावकुसाबाहेरचं खोपटं दर पावसाळ्यात पडायचं. त्याला कुणी ऐतिहासिक वारसा म्हटलं नाही. वारसा कशाला म्हणायचं हे ठरवणारेही वाड्यातलेच.

पण दोस्तांनो, म्हणून सगळे वाडे एकाच तराजूत घालायचे? विलायतेतल्या सरदार-उमरावांचे बंगले घ्या. तिकीट काढून लोक बागा, तसबिरी बघतात. 2020 साली तिथल्या नॅशनल ट्रस्टनंच आपल्या ताब्यातल्या 93 जागांचा वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध छापून काढला. केवढी ओरड झाली! भिंत देखणी म्हणायची, भिंतीत घाम कुणाचा ते विचारायचं नाही.

इथंही विचारलं पाहिजे. दगड कुणी घडवले? चुना कुणी मळला? त्यांची नावं कुठं? शाहू महाराज आपले म्हणून हा प्रश्न गिळायचा नाही. 26 जुलै 1902 ला मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखणारा, 1920 साली माणगावात बाबासाहेबांना आपले पुढारी म्हणून पुढं करणारा माणूस प्रश्नाला भिणारा नव्हता. बाबासाहेबांनीही 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला. कृतज्ञता वेगळी, भक्ती वेगळी. भक्त भिंतीला हार घालतो. कृतज्ञ माणूस राहिलेलं काम उचलतो.

आणि राहिलेलं काम त्या भिंतींभोवतीच्या पाण्यात आहे. धरण महाराजांनी सुरू केलं, स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. भोगावतीकाठी ऊस उभा राहिला. पण पाणी जातं जमिनीला. ज्याला जमीनच नाही त्यानं ओंजळ कुठं धरायची? हे पाणीही वारसाच आहे, अन् त्याची वाटणी अजून व्हायची आहे.

मित्राला म्हटलं, ‘‘भिंती राखू या. पण दगड वाहणाऱ्यांचा फलक तिथं लागला पाहिजे. आणि पाण्याचा हिशेब मागू या.’’

तो हसला. ‘‘अन् तुझ्या आजीचं खोपटं? ते बी राखायचं?’’

ते राखायचं नाही. तसलं पुन्हा कुणाला बांधावं लागू नये, एवढ्यासाठी ध्यानात ठेवायचं.