पाहणाऱ्याचे ऋण

परक्याचे प्रेम पाहून आपले डोळे भरून येतात, तेव्हा त्या अश्रूंबरोबर आपल्यावर काही कर्तव्यही येऊन पडते की नाही? प्रश्न जुना आहे. पहिले नाटक झाले त्या रात्रीच तो जन्मला असावा. माझ्यापुढे मात्र तो अलीकडे उभा राहिला, आणि तो आणून ठेवला थायलंडमधल्या दोन पोरांनी.

मी घाटनांदूरची. अंबाजोगाई तालुक्यातले हे गाव. परळीहून लातूर रोडकडे जाणारी गाडी येथे थांबते, एवढीच आमची जगाशी ओळख. आमच्या घरात दहावीला अजून मॅट्रिक म्हणतात, आणि माझे शिक्षण तेवढेच. दिवसा बालवाडीतली मुले सांभाळावी, रात्री कादंबरीची पाने लिहावी, असा क्रम चालला होता. एका सुट्टीत पुण्याला शिकणारी भाची आली आणि मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाली, “मावशी, हे बघ. तुला कादंबरीला उपयोगी पडेल.”

मालिकेचे नाव ‘बॅड बडी’. 2021 सालच्या अखेरीस ती सुरू झाली. शेजारीशेजारी दोन घरे, दोघांचे दुकान एकाच धंद्याचे आणि वैर वाडवडिलांचे. एका घरचा पॅट, दुसऱ्या घरचा प्रान. लहानपणापासून एकमेकांवर मात करण्यासाठी वाढवलेली ही दोन मुले एकमेकांवर जीव लावतात. खाली इंग्रजी अक्षरे पळत, मी ती थांबवून थांबवून वाचीत असे. बांधावरून भांडणारे भाऊबंद आमच्याकडे काय थोडे आहेत! बँकॉकची भिंत मला ओळखीची वाटली. शेवटपर्यंत पाहिले, रडले, आणि मग एकामागून एक अशा कितीतरी मालिका पाहिल्या. थाई पाहिल्या, कोरियन पाहिल्या, तैवानच्या पाहिल्या. चाळिशी उलटलेल्या बाईला हे वेड शोभते का, असे वाचक विचारतील. मीही स्वतःला तेच विचारले.

हे वेड माझे एकटीचे नाही. या प्रकारच्या कथांचे मूळ जपानात आहे. 1970 नंतरच्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया अशा लेखिका-चित्रकर्तींनी मुलींच्या मासिकांतून मुलामुलांतल्या प्रेमाच्या चित्रकथा काढल्या. म्हणजे लिहिणाऱ्या स्त्रिया आणि वाचणाऱ्याही स्त्रियाच. असे का व्हावे? मला सुचते ते कारण साधे आहे. स्त्रीपुरुषांची प्रेमकथा पाहताना मी कधीच निवांत नसते. घर सोडून कोण जाणार, चहा कोण ठेवणार, नमते कोण घेणार, हे मला पहिल्या प्रसंगालाच ठाऊक असते, कारण ते मी जगले आहे. दोन मुलांच्या कथेत मात्र ही उत्तरे आधी लिहून ठेवलेली नसतात. ती दोघांना मिळून शोधावी लागतात. ते शोधणे पाहताना बाईच्या जिवाला विसावा मिळतो.

आणि आपल्या मराठी रसिकाने यात नवे काही केले, असेही नाही. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ झाले. केशवराव भोसले धैर्यधर झाले होते आणि बालगंधर्व भामिनी. दोन पुरुषांनी रंगवलेला तो प्रणय आपल्या आजोबा-पणजोबांनी टाळ्या वाजवून पाहिला. बालगंधर्वांचे नेसणे पाहून घरंदाज बायका तसे नेसू लागल्या. कोणी म्हणेल, तेथे भूमिका स्त्रीची होती. खरे आहे. पण त्यातूनच माझा प्रश्न निघतो. रंगभूमीवर ज्याला आपण डोक्यावर घेतो, त्याच्याशी मिळतेजुळते काही दारात आले की दार का लावून घेतो?

आपल्या रसशास्त्रात याचे एक उत्तर आहे. भट्टनायकाने आणि त्याच्यामागून अभिनवगुप्ताने साधारणीकरणाचा विचार मांडला. नाटकातले दुःख माझेही नसते आणि परक्याचेही नसते. ‘माझे-तुझे’ ही गाठ सुटते म्हणून त्या दुःखाचाही आस्वाद घेता येतो. असा आस्वाद घेणारा तो सहृदय. विचार मोठा आहे आणि मला तो पटतो. पण त्यात एक गोम आहे. गाठ सुटली म्हणून सुख मिळते, हे खरे असेल तर गाठ सुटली म्हणून जबाबदारीही सुटते, हे ओघाने येते. पॅट आणि प्रानसाठी मला काहीच करायचे नव्हते. त्यांच्या बापांशी भांडायचे नव्हते. माझे रडणे इतके गोड होते, ते फुकटचे होते म्हणून तर नव्हे?

गेल्या साली तुळशीचे लग्न लागले आणि याचा निकाल माझ्या ओट्यावर लागला. पुढची हकीकत ज्याची, त्याला विचारून आणि खुणा बदलून लिहीत आहे.

माझे अक्षर बरे, म्हणून गावातल्या उपवर मुलामुलींची माहितीपत्रे लिहून देण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे आहे. एक ओळखीची बाई आली. “बाई, तुमचं अक्षर मोत्यावाणी. आमच्या पोराचा कागद लिहून द्या.” तो पोरगा माझ्या बालवाडीतला. दोन वर्षांपूर्वी माझा मोबाइल दुरुस्त करून देताना त्यात ती मालिका त्याला दिसली होती. क्षणभर तो थांबला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, “बाई, हे मीबी बघतो.” पुढे काही बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती. एका वाक्यात त्याने मला किती सांगितले, ते मला कळले होते.

कळले होते, आणि तरी मी कागद लिहिला. जन्मतारीख, उंची, शेती, नोकरी. ‘स्वभाव शांत, निर्व्यसनी.’ ‘अपेक्षा’ या शब्दापुढे हात जरा अडला, मग सवयीने चालला : ‘सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ मुलगी.’

दोन दिवसांनी दिवेलागणीला तो आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. “बाई, अपेक्षा तुम्हीच लिहिलीत?”

मी मान हलवली.

“तुम्हीसुद्धा?”

एवढेच. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

त्या रात्री ‘सहृदय’ हा शब्द मला फार बोचला. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या 1981 सालच्या नाटकात सुमित्रा या मुलीचे दुसऱ्या मुलीवर प्रेम असते आणि गोष्ट सांगतो तिचा मित्र बापू. मित्रा अखेर जीव देते, बापू सांगायला उरतो. गोष्ट सांगायला उरणे हा आम्हा लेखकांचा धंदाच आहे. पण एखाद्याची गोष्ट कळण्याच्या आधी तो जिवंत माणूस आहे, हे कळायला हवे.

मी स्वतःची बाजूही मांडून पाहिली. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे प्रेम गुन्हा नाही म्हणून सांगितले, तरी घाटनांदूरच्या पारावर न्यायालयाचा कागद चालत नाही. त्याच्या आईला मी काय सांगणार होते? त्याचे गुपित त्याचे आहे, ते उघड करण्याचा अधिकार मला नाही. हे सारे बरोबर. पण गुपित राखणे वेगळे आणि खोट्याला आपले मोत्यासारखे अक्षर देणे वेगळे. मौन पाळता आले असते, मी तर लिहून दिले. आणि या हिशेबात आणखी एक माणूस होते, त्याला मी धरलेच नव्हते. तो कागद वाचून कुठल्यातरी गावची एक मुलगी मनात घर मांडणार होती. तिचा तर काहीच दोष नव्हता.

चीनमध्ये 2019 साली ‘द अनटेम्ड’ नावाची मालिका निघाली. मूळ कादंबरीत दोन नायकांचे प्रेम आहे. तिथल्या बंधनांपायी पडद्यावर ते मैत्री म्हणून दाखवावे लागले. आम्ही चाहत्या त्या बंधनांवर चडफडलो. आणि ‘अपेक्षा’ या शब्दापुढे मी काय केले? तीच कात्री, फक्त पगार नाही.

मी त्याला बोलावून विचारले, “मी आता काय करू?” तो म्हणाला, “आईला काही सांगू नका, ते मी बघीन. पण दुसरा कागद लिहू नका.” महिन्याने त्याची आई नवा फोटो लावायचा म्हणून आली. मी म्हणाले, “आधी पोराशी बोला. तो हो म्हणाला तरच मी लिहीन.” तिने दुसऱ्याकडून लिहून घेतला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलावणे आले नाही. मुलगा अजून अविवाहित आहे, आई अजून स्थळे पाहते आहे. तिचे दुःखही खरे आहे. माझ्या नकाराने कोणाचेच भले झाले, असे मला म्हणता येत नाही.

पण एक फरक पडला. सप्टेंबर 2025 मध्ये रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आपल्याकडे प्रदर्शित झाला. त्याच वर्षी सनडान्सच्या महोत्सवात परदेशी चित्रपटांतला मोठा सन्मान त्याने मिळवला होता. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातला त्याचा बालमित्र बाळ्या, यांची ती गोष्ट. त्यात आनंदची आई जाणती आहे आणि ती मुलाच्या बाजूची आहे. त्या चित्रपटाविषयी सांगायला हा मुलगा माझ्या ओट्यावर आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला नाही, आत येऊन बसला. म्हणाला, “बाई, यात आमचीच भाषा हाय.”

म्हणून मला वाटते, कथा पाहून रडण्यात पाप नाही. त्या मालिका पाहिल्या नसत्या तर ‘हे मीबी बघतो’ या वाक्याचा अर्थच मला लागला नसता. कथेने मला डोळे दिले. पण मिळालेली दृष्टी हे ऋण आहे, आणि ते जेथून घेतले तेथे फेडता येत नाही. थायलंडच्या पोरांना माझ्याकडून काही नको आहे. ते आपल्याच गल्लीत फेडावे लागते, आणि फेडताना थोडी झळ लागते. झळ लागली नाही तर आपण केवळ व्याज खाल्ले, असे समजावे.

आमच्या अंबाजोगाईची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगड होऊन बसले. देवी कुमारिका राहिली. तिच्या पायांवर आम्ही पिढ्यान्पिढ्या डोके ठेवतो. लग्न झाले नाही म्हणून तिला कोणी कमी लेखले नाही. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला देवीची कीव येई. आता वाटते, दगड झाले ते वऱ्हाडी. जे नुसते पाहायला आले होते, ते.