शिवारात उतरलेले डॉक्टर

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि पूर्वेच्या माणमध्ये पाचशेचा आकडा गाठतानाही मारामार होते. कोरेगाव तालुका या दोन टोकांच्या मध्ये आहे. कृष्णेच्या बाजूला उसाचे फड, तर उत्तर भागात उन्हाळा लागला की पाण्याची चिंता. याच तालुक्यातल्या वेळू गावाने २०१६ साली सत्यमेव जयते वॉटर कपचे पन्नास लाखांचे पहिले पारितोषिक मिळवले. स्पर्धेचे ते पहिलेच वर्ष होते. वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतली ११६ गावे त्यात उतरली होती. वेळूच्या कामाला दिशा देणारे आणि पुढे ही स्पर्धा घेणाऱ्या पाणी फाउंडेशनचे मुख्य सल्लागार म्हणून राज्यभर ओळखले गेलेले डॉ. अविनाश पोळ हे साताऱ्याचे दंतवैद्य.

दंतवैद्याने दात सांभाळावेत, पाण्याचे इंजिनिअरने बघावे, अशी विभागणी आपल्या मनात पक्की असते. ती चुकीची आहे हे सांगणारी परंपरा जुनी आहे. १८४८ साली प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ व्हर्को या तरुण डॉक्टरला अप्पर सायलेशियात टायफसची साथ पाहायला पाठवले. त्याने अहवालात औषधांपेक्षा शिक्षण, स्वशासन आणि गरिबी हटवण्याबद्दल जास्त लिहिले. आपल्याकडे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. भाग अवर्षणप्रवण, आणि दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ. लोकांना आधी पाणी आणि अन्न हवे आहे हे ओळखून त्यांच्या आरोग्यप्रकल्पाने विहिरी, झाडे, पाणलोट हेही आपलेच काम मानले. हवामान आणि आरोग्य असा जोडशब्द तेव्हा कोणी वापरत नव्हते. काम मात्र तेच होते.

पाण्याच्या कामात डॉक्टरी नजर कशी उपयोगी पडते हे ए-फ्रेम वापरताना दिसते. तीन लाकडे इंग्रजी ए अक्षरासारखी बांधायची, शेंड्याला दोरी अडकवून खाली दगड सोडायचा. दगड स्थिर होऊन दोरी आडव्या लाकडावरच्या खुणेवर टेकली की दोन्ही पाय एका पातळीवर आले. तिथे फक्की टाकायची आणि पुढचे पाऊल मोजायचे. माथ्यापासून पायथ्याकडे सलग समतल चर असेच आखले जातात. चर पातळी सोडून आखला तर पाणी एका बाजूला धावते, बांध फुटतो आणि चार दिवसांचे श्रमदान वाहून जाते. आधी तपासणी, मग निदान, मग उपचार, हा क्रम इथे चुकवून चालत नाही. घाईत जेसीबी लावून नाला खोल करणाऱ्यांनी तो अनेकदा चुकवला आहे.

इथपर्यंत मला या कामाबद्दल निखळ आदर आहे. माझा आग्रह पुढच्या टप्प्यासाठी आहे. डॉक्टर पाण्याच्या कामात उतरले, पण पाण्याच्या कामात आरोग्य अजून उतरलेले नाही. गावे पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकली: पाऊस किती पडला, अडवला किती, पिकांना किती, पिण्याला किती. त्याच फलकावर गावच्या दुखण्यांचा हिशेब का नसावा? टंचाईत हात-तोंड धुणे कमी होते, खरूज आणि डोळ्यांचे आजार वाढतात. दूषित पाण्याने जुलाब होतात. आडोसा नाही म्हणून शेतात काम करणाऱ्या बायका पाणीच कमी पितात आणि लघवीचा संसर्ग अंगावर काढतात. उपसा वाढला, बोअर खोल गेली, की काही भागांत पाण्यात फ्लोराइड येते. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरच्या कित्येक गावांत ते मुलांच्या दातांवर पिवळ्या-तपकिरी डागांनी उमटलेले आहे. भूजलाची अवस्था मुलांच्या तोंडात वाचता येते, आणि ती वाचायला दंतवैद्याइतका योग्य माणूस दुसरा कोण?

पाणी अडवले म्हणजे ते सगळ्यांच्या घशाखाली उतरते असेही नाही. १९०१ साली खटाव तालुक्यात दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकार तलाव खोदत होते. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ त्या कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला निघालेला छोटा भीमराव भाऊ आणि भाच्यासह मसूर स्टेशनवर उतरला. पुढे रात्रीच्या बैलगाडीच्या प्रवासात शिदोरी जवळ असूनही पोरे उपाशी झोपली, कारण अस्पृश्य म्हणून त्यांना पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. दुष्काळ निवारणाचे काम चालू असलेल्या मुलखातली ही गोष्ट आहे. पाणलोटाच्या प्रत्येक कार्यकर्त्याने ती ध्यानात ठेवावी.

म्हणूनच सांगली बाजूच्या दुसऱ्या एका डॉक्टरचे नाव इथे घेतले पाहिजे. कासेगावचे डॉ. भारत पाटणकर वैद्यकीचे शिक्षण घेऊन चळवळीत गेले. त्यांच्या मुक्ती संघर्ष आणि श्रमिक मुक्ती दल या संघटनांनी समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली. खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधले, त्यासाठी नदीतली वाळू विकून पैसा उभा केला, आणि वाटपात भूमिहीन कुटुंबांचाही वाटा धरला. श्रमदानाच्या वाटेने गाव एकत्र येते, सरकारची वाट पाहत बसत नाही. हक्काच्या वाटेने हे पाणी कोणाचे हा प्रश्न टाळता येत नाही. माझ्या मते पहिली वाट दुसरीशिवाय अपुरी आहे. वाढलेले पाणी शेवटी ज्याच्याकडे जमीन आणि मोटर आहे त्याच्याच उसात जाणार असेल, तर गावाची पाणीपातळी वाढून भूमिहीन बाईच्या हंड्यात काय पडले, हे विचारावे लागते.

ऊस म्हटला की तोडकरी आले. चिमणगावच्या जरंडेश्वरसह या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या हंगामासाठी बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, आणि खाडा झाला की दंड. पाचटात दिवसभर वाकून तोडायचे, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. बऱ्याचदा गाडी भरायला रात्र होते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात प्यायला असते ते सकाळी कॅनमध्ये भरून आणलेले कोमट पाणी. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारने केलेल्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. हे इतके उघड झाल्यावर कुठे लोक बोलू लागले. उन्हाने मूत्रपिंडाचे काय होते याबद्दल इथे अजून फारसे कोणी बोलत नाही.

मध्य अमेरिकेतले डॉक्टर बोलले. एल साल्वाडोरमध्ये २००२ साली डॉक्टरांनी लिहिले की, मधुमेह नाही, रक्तदाब नाही, अशा माणसांची मूत्रपिंडे निकामी होताहेत. असे रुग्ण त्या पट्ट्यात प्रामुख्याने उसाच्या शेतांत काम करणारे तरुण निघाले. पुढे ला इस्ला नेटवर्क या संस्थेने निकाराग्वातल्या एका मोठ्या साखर कारखान्यासोबत पाणी, विश्रांती आणि सावली यांची शिस्त बसवली. मूत्रपिंडांची इजा कमी झाल्याचे दिसले आणि तोडणीही घटली नाही. तिथे डॉक्टरांनी आजार ओळखला, संस्थेने मोजमाप केले, कारखान्याने वेळापत्रक बदलले. साताऱ्यात यातले अशक्य असे काहीच नाही.

यावर आक्षेप येईल की प्राथमिक आरोग्य केंद्रांत आहे तेच काम उरकत नाही, त्यात हे नवे लचांड कशाला. आक्षेप खरा आहे. आशाताईंवर आधीच नोंदवह्यांचा ढीग आहे. म्हणूनच हे काम सरकारी डॉक्टरवर न लादता खासगी दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या संस्थांनी पुढे होऊन उचलावे. हवामान बदल आणि मानवी आरोग्य यांवरचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्राने २०१९ मध्ये आणला, पण कागदावरच्या कार्यक्रमाला गावात हात लागतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर एका सरकारी सोहळ्यासाठी भर उन्हात बसवलेल्या लोकांपैकी दहाहून अधिक जण उष्माघाताने गेले. उन्हाने माणूस मरतो हे महाराष्ट्राने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. फडात, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर तो एकेकटा मरतो, आणि दाखल्यावर हृदयविकार लिहिले जाते.

कोरेगावच्या डॉक्टरांनी सुरुवात उसाच्या फडापासून करावी असे मला वाटते. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. त्याआधी कारखान्यांचे शेती अधिकारी, मुकादम आणि कोयत्यावर येणाऱ्या बायका यांना एकत्र बसवून पाण्याचा टँकर फडावर कोण आणणार, ताडपत्रीची सावली कोण देणार, दुपारी बारा ते तीन काम थांबले तर त्या वेळेचा खाडा धरणार की नाही, हे ठरवता येईल. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक टोळीची, मूत्रपिंडाची अवस्था सांगणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करता येईल. एका हंगामाचे आकडे हाती आले, की कारखान्याशी आणि सरकारशी बोलायला डॉक्टरांच्या जवळ काहीतरी असेल.