काटा आणि साक्षी

माझ्या जुन्या पद्मिनी गाडीत इंजिनच्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा मी वेगळा बसवून घेतला आहे. खंबाटकी घाट चढताना नजर रस्त्यावर असते, तशीच त्याच्यावरही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिका या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातला पुरुष, म्हणजे आतलं चैतन्य, या काट्यासारखाच आहे: साक्षी, मध्यस्थ, अकर्ता. तो फक्त पाहतो. मग नुसत्या पाहण्याने माणसाचं भलं होतं का?

काटा सांगतो ते सेन्सरला भिडलेल्या पाण्याचं तापमान. होज फुटून पाणी निघून गेलं आणि सेन्सर कोरडा पडला, की इंजिन होरपळत असतानाही काटा खाली येऊ शकतो. गिअरबॉक्सच्या तेलाला तर काटाच नाही. तिथे आवाज आणि वास हेच प्रमाण. तेव्हा काटा उतरला म्हणजे सगळं निवलं असं धरून चालत नाही. आतला ओलावा आटलेला माणूसही बाहेरून शांतच दिसतो.

साक्षीभाव हवाच, पण कर्तव्य तिथून सुरू होतं. काटा चढला तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि राग चढेल तेव्हाही आधी थांबा, मगच बोला.