नव्याचे मन रमत नाही तेव्हा



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि त्याच सुमारास आपली मुलेमुली कॉलेजात पहिले पाऊल टाकतात. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, की आईबापांना वाटते आपले काम झाले. पण महिना-दोन महिन्यांत मुलगा गप्प होतो. प्राध्यापक इंग्रजीतून भराभर बोलतात. शेजारचा विद्यार्थी "प्रवेशपरीक्षेत कितवा नंबर?" असे विचारतो, खरे तर तो जात विचारीत असतो. ही जागा माझी नव्हे, असे मुलाच्या मनाने घेतले, की घरी फोन येतो, "आई, मला इथे करमत नाही." आपण सांगतो, "बाबासाहेबांनी किती सोसले! तुला एवढेही सोसवत नाही?"

हे उत्तर धम्माला धरून आहे काय? तथागतांनी काय सांगितले ते पाहा.

विनयपिटकातील महावग्गात उपाध्यायाची कर्तव्ये दिली आहेत. उपाध्यायाने नव्या भिक्खूला पुत्रासमान मानावे. त्याच्याजवळ भिक्षापात्र नसेल तर ते मिळवून द्यावे, तो आजारी पडला तर त्याची शुश्रूषा करावी. आणि त्याच्या मनात 'अनभिरति' उत्पन्न झाली, म्हणजे त्याचे मन तेथे रमेनासे झाले, तर ती दूर करणे हेही उपाध्यायाचेच काम. लक्षात घ्या, करमत नाही म्हणून नव्याला दोष दिलेला नाही. जबाबदारी आधी आलेल्यावर टाकली आहे. जाणत्या, समर्थ भिक्खूनेही पाच वर्षे अशा आधाराने राहावे असा नियम होता. आपण मात्र अठरा वर्षांच्या पोराला पाच दिवसही सोबत देत नाही!

आणि बाबासाहेबांनी सोसले हे खरेच; पण त्यांनाही मित्र होते. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांचा स्नेह जडला. पुढे १९२० साली लंडनला शिक्षण पुरे करण्यासाठी निघताना हेच भथेना पैशाची मदत करायला उभे राहिले.

अमेरिकेत वॉल्टन आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातील मुलांचे अनुभव वाचायला दिले : आम्हालाही आरंभी परके वाटले, हळूहळू ते गेले. काम तासाभराचे. पण पुढील तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेले अंतर निम्म्यावर आले. (म्हणून कोणी जातिभेदाला मनाचा खेळ समजू नये. अपमान झाला तेथे लेखी तक्रार केलीच पाहिजे.)

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते. रविवारी वाचन आटोपल्यावर अर्धा तास राखून ठेवा. पुढच्या वर्गातील मुलामुलींनी उभे राहून पहिल्या वर्षी काय काय अडले ते सांगावे. नुसते यश सांगू नये. त्यासाठी आपले सत्कार पुष्कळ होतात. कोणत्या विषयात नापास झालो, मग कोणाला भेटलो, हे सांगावे. मग एकेकाने एकेका नव्याची सोबत पत्करावी. ग्रंथालयाचे कार्ड काढायला, प्राध्यापकांना शंका विचारायला पहिल्या खेपेला बरोबर जावे. वसतिगृहात कोणी तापाने पडले तर भेटून यावे.

आणि आईबापांनो, पुन्हा तसा फोन आला तर आधी एवढेच विचारा, "मेसमध्ये जेवायला कोणाबरोबर बसतोस?"