आमच्या पक्षाचा की त्यांच्या?

शास्त्रपाठ : यहोशवा ५:१३–१५, अनुवाद २५:१३–१६



यरीहोचा तट पडण्यापूर्वीची गोष्ट आहे. यहोशवा नगराजवळ असता उपसलेली तरवार हाती घेतलेला एक पुरुष त्याच्या दृष्टीस पडला. समय लढाईचा होता. म्हणून सेनापतीच्या तोंडून जो प्रश्न निघावयाचा तोच निघाला. हा मनुष्य आपल्यांपैकी की शत्रूंपैकी? ह्या प्रश्नाला दोनच उत्तरे संभवतात असे यहोशवास वाटत होते. परंतु त्या पुरुषाने दोहोंपैकी एकही दिले नाही. आपण परमेश्वराच्या सैन्याचा सरदार म्हणून आलो आहो, एवढेच त्याने सांगितले. तेव्हा यहोशवाने भूमीवर पालथे पडून त्यास नमन केले, व त्याच्या आज्ञेवरून आपल्या पायांतील जोडा काढला.

यहोशवा देवाने निवडलेला होता व त्याचे कार्यही देवानेच नेमून दिलेले होते. तरीही देव आपल्या बाजूस नाव नोंदवून बसला आहे, असे धरून चालण्याची मोकळीक त्यास मिळाली नाही. मग आपल्या गावातील पॅनेलास, किंवा देशातील एखाद्या पक्षास, ती कोठून मिळणार?

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नसते, हे तुम्हांस ठाऊक आहे. तथापि ती जवळ आली की गावाचे दोन तुकडे पडतात. कोणी म्हणाला, “पाण्याची टाकी त्या लोकांनी चांगली बांधली,” तर लागलीच त्यास विचारतात, “तू त्यांच्यात कधी गेलास?” तोच मनुष्य पुढे म्हणाला, “परंतु रस्त्याच्या कामाचा हिशेब त्यांनी द्यावयास पाहिजे,” तर दुसरे म्हणतात, “हा आमच्यावर उलटला.” बिचाऱ्याने दोन्ही गोष्टी खऱ्याच सांगितल्या, आणि त्यामुळे दोन्ही ओट्यांवरची त्याची जागा गेली. मग तो घरी बसतो, किंवा दुसऱ्या दिवसापासून अर्धेच खरे बोलू लागतो. मंडळीतही असेच घडते. उपासनेला येताना ज्याने त्याने आपला गट दाराबाहेर ठेवावा, तो आत येऊन बाकावर बसतो, आणि प्रभुभोजनाच्या दिवशी दोन सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड चुकवितात.

मनुष्य असे का करितो? आम्हांस त्याची दोन कारणे दिसतात. एक म्हणजे आळस. प्रत्येक गोष्ट निरनिराळी तपासून पाहणे श्रमाचे असते. एका गटाची सर्व मते एकदम गाठोडे बांधून उचलली म्हणजे विचाराचे श्रम वाचतात. आठवड्याच्या बाजारात आपण असे करीत नाही. कांदे एका दुकानी बरे असतात, मिरची दुसऱ्या. आणि एकाकडून कांदे घेतले म्हणून त्याची सडकी वांगीही घ्यावीत, असे कोणी शहाणा मनुष्य मानीत नाही. दुसरे कारण भीती. गटाबाहेर पडलो तर अडीअडचणीस कोण धावून येईल, ही गरिबाची भीती खोटी नाही. ज्याच्या घरी दाखला, रेशन, विहीर ह्यांसाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागते, त्यास धैर्याचा उपदेश करणे सोपे आहे. तो करिताना आम्ही ही गोष्ट विसरत नाही.

आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा इकडील पुष्कळ लोक म्हणाले की बाई आता परक्यांच्या झाल्या. परंतु त्या ज्यांच्या झाल्या असे मानिले गेले, त्यांच्याही त्या सर्वस्वी झाल्या नाहीत. वाँटेजच्या धर्मभगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यावरून दिसते की, चर्च सांगते एवढ्याच कारणावरून एखादे मत डोळे मिटून पत्करण्यास त्या तयार नव्हत्या. शाकाहारही त्यांनी सोडिला नाही. अमेरिकेतील प्रवासाचे त्यांचे मराठी पुस्तक १८८९ साली निघाले. त्यात तेथील लोकसत्तेची व स्त्रीशिक्षणाची त्यांनी मोकळ्या मनाने वाखाणणी केली. तसेच काळ्या लोकांस व तेथील मूळ रहिवाशांस मिळणाऱ्या वागणुकीचा दोषही झाकून ठेविला नाही. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडिले, आणि त्याच वर्षी मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेत त्या प्रतिनिधी म्हणून बसल्या.

पुढे १८९३ साली, सदनातील विधवा मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होतो ह्या कारणावरून पुण्यात मोठे वादळ उठले. केसरीने कडक टीका केली; न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. तेव्हा गावात असेच बोलले गेले असेल की ही बाई साहेबलोकांची. परंतु १८९७ साली पुण्यास प्लेगची साथ असता, सरकारी प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची काय दशा होते ह्याविषयी ह्याच बाईंनी वृत्तपत्रात उघड लेख लिहिला, आणि मुंबईच्या गव्हर्नरांनी त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा यत्न केला. नंतर १९१९ साली त्याच सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले.

आता रमाबाईंस कोणत्या बाजूस बसवावे? त्यांचे प्रत्येक मत बिनचूक होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु इतके खास की, विधवेच्या दुःखावरून त्यांनी स्वदेशातील रूढींस दोष दिला, तर इस्पितळातील मुलीच्या दुःखावरून परक्या सरकारास दिला. दोन्ही ठिकाणी वजन एकच होते. लोकांस ती दोन मते दिसली. बाईंच्या मनात तो एकच न्याय होता.

येथेच आपल्या दुसऱ्या पाठाचा उपयोग आहे. पिशवीत एक मोठे व एक लहान अशी दोन वजने बाळगू नयेत, असे नियमशास्त्र सांगते. हाच निषेध नीतिसूत्रांतही आला आहे. वाण्याने दोन वजने ठेविली तर आपण त्यास लबाड म्हणतो. पण आपल्या मनुष्याने पैसे खाल्ले तर “सगळेच खातात,” आणि पलीकडच्याने खाल्ले तर “चोर,” असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा आपल्या जिभेच्या पिशवीत किती वजने असतात? पलीकडच्याची निंदा करणारा निरोप मोबाइलवर आला की आपण तो वाचून पुरा होण्यापूर्वीच दहा जणांकडे पाठवितो. आपल्या मनुष्याविषयी आला तर पुरावा मागतो. पुरावा मागणे उत्तम आहे. तो दोहोंकडेही मागावा.

कोणी म्हणेल, “हे तर कोमटपण झाले. प्रकटीकरणात लावदिकियाच्या मंडळीस कोमट म्हणून ठपका दिला आहे तो काय उगाच?” हा आक्षेप योग्य आहे व त्याचे उत्तर दिले पाहिजे. दोन्ही गटांच्या बरोबर मधोमध खुर्ची मांडून बसणे, ही आमची शिकवण नव्हे. गरिबाची जमीन कोणी लाटली, स्त्रीवर कोणी हात टाकला, जातीवरून कोणास पाणी नाकारिले, तर तेथे “दोघांचेही थोडे थोडे चुकते” असे म्हणणे हे पाप आहे. नाथान संदेष्टा दाविदाच्या पदरचा होता. परंतु उरीयाच्या प्रकरणी तो मधे बसला नाही, राजाच्या समोर उभा राहिला. कोमट मनुष्य तोलतच नाही. आम्ही सांगतो ते हे की तोलावे, आणि काटा जिकडे झुकेल तिकडे उभे राहावे. मग आज तो एका बाजूस झुको, उद्या दुसऱ्या.

मताच्या दिवशीही ही मोकळीक आपणांस आहे. गावाच्या एका प्रभागात दोन-तीन जागा असल्या तर प्रत्येक जागेसाठी निराळे मत द्यावयाचे असते. एका पॅनेलचा एक उमेदवार व दुसऱ्याचा एक निवडण्यास कायदा हरकत घेत नाही. आणि मत गुप्त असते. गरिबाची भीती जाणूनच ते तसे ठेविले आहे. तिचा लाभ घ्यावा, त्यात भ्याडपणा मुळीच नाही.

मंडळीतील सेवकांस व वडिलांस आमची विशेष विनंती आहे. व्यासपीठावरून कोणत्याही गटाचे नाव घेऊन प्रार्थना करू नये. ज्याच्याशी आपले मत जुळत नाही त्याच्या घरी आजारीपणात आधी जावे. आणि दोन्हीकडचे खरे बोलल्यामुळे जो मनुष्य एकटा पडला आहे त्याच्याशेजारी, सर्वांच्या देखत, जाऊन बसावे. कारण पुष्कळदा एक सोबती मिळाला तर तो खरे बोलणे सोडीत नाही.

प्रभूने बारा जणांस निवडिले तेव्हा जकातदार मत्तय त्यांत होता. हा रोमी सत्तेच्या छायेत पैसा गोळा करणारा. आणि जिलोत म्हणविलेला शिमोनही होता; स्वदेशाच्या आवेशाचे नावच त्याला चिकटले होते. दोघांपैकी एकालाही प्रभूने दाराबाहेर ठेविले नाही. दोघे एका ताटातून जेवले, आणि एकमेकांशी काय वाद घालीत हे शुभवर्तमानकारांनी लिहिले नाही. येत्या रविवारी आपल्या मंडळीतील मत्तय व शिमोन एका चटईवर बसतील असे प्रत्येकाने पाहावे, आणि दाराशी आपला जोडा काढताना यहोशवाची आठवण करावी. प्रभूची शांती तुम्हां सर्वांबरोबर असो. आमेन.